नाव नंतर भरायचं होतं

संपादकांचा फोन आला, "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतील." मी विचारलं, "माझं नाव कोणी सुचवलं?" ते हसले. मी खरंच विचारलं होतं. एकोणीस वर्षं जनसंपर्क एजन्सीत काढलेल्या माणसाला कोणी आपणहून बोलायला सांगितलं, की तो आधी सांगणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते बघतो.

माझ्या कार्डावर 'मीडिया रिलेशन्स स्ट्रॅटेजिस्ट' असं छापलेलं होतं. नवीन पनवेलला आमच्या सोसायटीत पहिली तीन वर्षं लोकांची समजूत होती की मी टीव्ही दुरुस्त करतो. बायको वैशाली कोणी विचारलं तर सांगायची, "हे बातम्या पेरतात." मला ते लागायचं, पण त्यात चूक काढता यायची नाही.

काम साधं असतं. जाहिरातीवर लोक विश्वास ठेवत नाहीत, कारण ती कोणाची आहे हे दिसतं. बातमीवर ठेवतात, कारण दिसत नाही. एखाद्या कंपनीला, रुग्णालयाला, बिल्डरला आपली गोष्ट बातमी म्हणून छापून यायला हवी असते. आम्ही ती बातमीसारखी लिहून वर्तमानपत्रांना पाठवतो. त्या कागदाला प्रेस नोट म्हणतात. मग बातमीदारांना फोन, छापून आलं की कात्रणं, आणि महिन्याच्या शेवटी त्या कात्रणांचा अहवाल. माझ्याकडे एक स्टीलची फूटपट्टी होती. कोणत्या पेपरात किती सेंटिमीटर आलं, हे मी स्वतः मोजायचो. ऑफिसातली मुलं अंदाजाने लिहायची. अंदाज मला चालत नाही.

ग्राहक खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही. तो अर्धं सांगतो. एका रुग्णालयाच्या डॉक्टरांना नोटमध्ये 'रायगड जिल्ह्यातलं पहिलं मशीन' असं हवं होतं. मी जिल्ह्यातल्या सहा ठिकाणी फोन केले. दोन ठिकाणी ते मशीन आधीच होतं, त्यातलं एक तर दुरुस्तीलाही जाऊन आलं होतं. मी 'पहिलं' काढलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "कर्णिक, तुम्ही माझे की त्यांचे?"

दुसरे एक बिल्डर. त्यांची इमारत 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' होती. मी घड्याळ लावून चालत गेलो. बावीस मिनिटं. ते म्हणाले, "अहो, गाडीने!" सकाळी सातला रिक्षाने गेलो, रस्ता रिकामा होता, नऊ मिनिटं. ते म्हणाले, "तुम्हाला घरी कोणी काही बोलत नाही का हो?" शेवटी 'स्टेशनपासून जवळ' असं गेलं. जवळ किती, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

एवढं सांगतोय ते फुशारकीसाठी, हे मान्य. एकोणीस वर्षांत माझ्या नोटमधल्या एकाही आकड्याचा खुलासा छापायची वेळ कोणत्या पेपरावर आली नाही. बातमीदार एकमेकांना सांगायचे, "कर्णिकची नोट आहे ना? मग आकडे बघू नका, लावून टाका."

आकडे ते बघत नव्हते, कारण मी बघायचो. पण नोटमध्ये एक जागा अशी असते जी कोणीच बघत नाही. मीही बघत नव्हतो.

ती जागा म्हणजे लोकांचं बोलणं. प्रत्येक नोटमध्ये दोन माणसं बोलतात. एक कंपनीचा साहेब आणि एक ज्याचं भलं झालं तो. साहेबाचं बोलणं आम्ही लिहितो आणि साहेब 'ठीक आहे' म्हणतो. ज्याचं भलं झालं त्याचं बोलणंही आम्हीच लिहितो, आणि बहुतेक वेळा कार्यक्रम व्हायच्या आधी लिहितो. कार्यक्रम अकराला, पेपरवाल्यांना नोट दुपारी दोनपर्यंत हवी, मग लिहायला वेळ कुठला? तेव्हा आधीच मजकूर तयार ठेवायचा, नावाची जागा मोकळी सोडायची, आणि तिथे कंसात लिहायचं: 'नाव नंतर भरणे, होकार घेणे.' कार्यक्रमात एखादा चेहरा बघून नाव भरायचं. होकार घ्यायचा राहून जातो. माझं एक सूत्र होतं: बोलणं पंचवीस शब्दांच्या आत, आणि त्यात एक 'पूर्वी' आणि एक 'आता' हवं. पूर्वी असं होतं, आता असं झालं. हे छापून येतंच. नवीन मुलांना मी ते शिकवलं. वह्यांमध्ये उतरवून घेतलं त्यांनी.

गव्हाणच्या पुढे खाडीकाठी एक कंटेनर यार्ड आमचं ग्राहक होतं. नाव देत नाही. शेजारच्या कोळी वस्तीत त्यांनी शाळेच्या दोन वर्गांत डोळे तपासणीचं शिबिर घेतलं. एकशे बारा जणांची तपासणी झाली, चौसष्ट चष्मे वाटले. हे आकडे मी रजिस्टरपाशी उभं राहून मोजलेले आहेत. दोन नावं दोनदा लिहिली गेली होती, ती मी वजा करायला लावली.

फोटोग्राफरला चेहरा हवा होता. त्याने एका पन्नाशीच्या कोळिणीला पुढे आणलं. नाकावर नवा चष्मा, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि हसताना सगळे दात दिसत होते. नाव नागूबाई कोळी. मी डायरी काढली आणि विचारलं, "कसं वाटतंय, बाई?"

"बरं दिसतंय," ती म्हणाली.

"आणखी काही?"

"आनी काय? तू सांग, काय बोलू?" मग स्वतःच हसली आणि काहीतरी बोलली. मी ते डायरीत लिहून घेतलं, आभार मानले आणि गाडीत बसून मोकळ्या जागेत तिचं नाव भरलं. नोट एक वाजून चाळीस मिनिटांनी गेली. दुसऱ्या दिवशी तीन पेपरांत आली. अहवालात कात्रणं चिकटवली, सेंटिमीटर लिहिले, विषय संपला.

दीड वर्षाने एका रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. बाहेर बातमीदार पाटील उभे होते. पाटील उरणकडचे, तिथल्या एका छोट्या पेपरात वीस वर्षं लिहिणारे. त्यांच्या मागे नागूबाई. चष्मा तोच होता, एक काडी दोऱ्याने बांधलेली.

प्रेस नोटच्या तळाशी 'अधिक माहितीसाठी' म्हणून एक नाव आणि मोबाइल नंबर असतो. तो माझा असायचा. सहसा त्यावर कोणी फोन करत नाही. पाटलांनी तो नंबर जपून ठेवला होता आणि आता त्या नंबरचं घर शोधून तिला घेऊन आले होते.

तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कात्रण काढलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्ये मी कवा बोलली?"

मी वाचलं. फोटोखाली छापलं होतं: "पूर्वी आमच्या फाट्यातून होड्या जायच्या. आता तिथून कोणी जात नाही, मुलं कामाला लागली. यार्डामुळे गावाचं भलं होतंय. चष्म्यानं मला सगळं स्पष्ट दिसतं. – नागूबाई कोळी."

बावीस शब्द. मनात मोजले गेलेच.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: हिला कोणीतरी शिकवून आणलंय. मी तिला आत बोलावलं, पण 'बसा' म्हणायच्या आधी विचारलं, "तुम्हाला इथे कोणी पाठवलं?"

"चष्म्यानं पाठवलं," ती म्हणाली. "चौथी शिकलेली हाय मी. आदी दिसत नव्हतं म्हनून वाचत नव्हती. तुमीच चष्मा दिला, आनी तोच लावून मी ह्ये वाचलं."

वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पाण्याचे ग्लास पुढे ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसा, नागूबाई."

मग पाटलांनी सांगितलं ते असं. यार्डाला आपल्या जागेपासून मोठ्या रस्त्यापर्यंत नवा रस्ता काढायचा होता. मध्ये खाडीचा एक लहान फाटा येतो. भरतीला त्यात पाणी चढतं आणि वस्तीच्या होड्या त्यातूनच मोठ्या खाडीत उतरतात. यार्डाचं म्हणणं, फाट्यावर भराव घालू आणि पाणी जायला खाली सिमेंटचे नळ टाकू. नळातून पाणी जातं, होडी जात नाही. वस्तीचं म्हणणं, भराव नको, पूल बांधा. त्यावर सरकारी सुनावणी लागली होती. तिथे यार्डाने अर्जासोबत कागद जोडले होते, 'फाटा वापरात नाही, स्थानिकांचंही हेच म्हणणं आहे.' पुरावा म्हणून माझ्या नोटची तीन कात्रणं होती.

"वस्तीत काय चाललंय ते सांग ना," पाटील नागूबाईला म्हणाले.

तिने माझ्या हातातलं कात्रण परत घेतलं. मग म्हणाली, "होडी पान्यात लोटायला चार मानसं लागतात. आमची होडी आता मी नि नवरा लोटतो. कोन हात लावत नाय. बोलतात, चष्म्यात फाटा इकला. होडी पान्यात जाईपरत भरती उतरायला लागते." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "बाजारात माज्या बाजूची बाई टोपली उचलून दुसरीकडं बसली. एकवीस वरसं बसली होती माज्या बाजूला."

"सुनावणी कधी?" मी विचारलं.

"नऊ दिवसांनी," पाटील म्हणाले. "त्याच्या आत हे वाक्य कोणाचं ते कळलं पाहिजे, कर्णिक. मी छापलंय ते. वस्तीतले मलाही चोर म्हणतात."

ते गेले. मी दार लावलं आणि पहिला संशय पाटलांवरच घेतला. छोट्या पेपरांत जागा भरायला वाक्यं वाढवतात, हे मी पाहिलेलं आहे. माझ्याच नोटमध्ये माझ्या नकळत भर घालून आता साळसूदपणे माझ्याच दारात आले असतील.

ते तपासायला वेळ लागला नाही. घरी माझी स्वतःची फाईल होती. तीन पेपर, तीन कात्रणं, तिन्हींत तेच बावीस शब्द. तीन बातमीदारांना एकच वाक्य एकाच दिवशी सुचत नाही. पाटील सुटले. वाक्य आमच्या नोटमधूनच गेलं होतं.

दुसरा संशय मीनल मॅडमवर. त्या एजन्सीच्या मालकीण, आणि शेवटची नोट त्यांच्या नजरेखालून जायची. यार्ड त्यांनी आणलेलं ग्राहक होतं. सोमवारी मी ऑफिसात लवकर गेलो आणि त्या नोटचे सगळे मसुदे संगणकावर उघडले. आमच्याकडे प्रत्येक मसुदा वेगळा ठेवायची पद्धत होती. ती पद्धत मीच लावली होती, कोणी कुठे काय बदललं ते कळावं म्हणून. माणसांवर विश्वास नसला की अशा पद्धती सुचतात.

पाच मसुदे होते. पाचव्यात मीनल मॅडमने मथळ्यातला एक शब्द बदलला होता, बाकी काही नाही. चौथ्यात मी नाव भरलं होतं. तिसऱ्यात यार्डाच्या साहेबांनी आपला हुद्दा दुरुस्त केला होता. दुसऱ्यात ते बावीस शब्द होते आणि खाली कंसात 'नाव नंतर भरणे, होकार घेणे.' शिबिराच्या चार दिवस आधीचा मसुदा. नागूबाईला मी तोपर्यंत पाहिलंही नव्हतं.

पहिला मसुदा उघडताना मला अजून आशा होती. त्यात नोटच्या मुख्य मजकुरात एक ओळ होती: 'सदर फाट्यातून सध्या होड्यांची ये-जा होत नाही.' ही माहिती यार्डाच्या अधिकाऱ्याने फोनवर दिली होती. "तिथून आता कोण जातंय हो," असं तो म्हणाला होता, ते मला लख्ख आठवलं. त्या ओळीवर लाल अक्षरात माझी टीप होती: 'पुरावा नाही. इथून काढा.'

आणि मी ती काढली होती. काढून कुठे ठेवली, ते दुसऱ्या मसुद्यात दिसत होतं. पुरावा नसलेली ओळ कंपनीच्या तोंडी शोभत नाही, म्हणून मी ती ज्याचं भलं झालं त्याच्या तोंडी घातली होती. माझ्या सूत्राला 'पूर्वी' आणि 'आता' हवंच होतं. तिथे पुरावा कोण मागणार?

दुसरं कोणी हे केलं असतं, तर मी त्याला आळशी म्हणालो असतो. यात आळस नव्हता. मी काळजीपूर्वक वागलो होतो, आणि त्या काळजीमुळेच हे झालं होतं.

घरी येऊन दीड वर्षापूर्वीची डायरी शोधली. शिबिराच्या पानावर एकशे बारा, चौसष्ट, दोन नावं वजा, आणि खाली नागूबाईने हसत सांगितलेलं, जसंच्या तसं: 'बरं दिसतंय. आता जाळं शिवायला बरं पडंल.'

वैशालीने ते वाचलं. "जाळं शिवते म्हणजे होडी जाते," ती म्हणाली. "एवढं कळत नव्हतं तुम्हाला?"

"वाक्य बसत नव्हतं."

"कुठे बसत नव्हतं?"

मी डायरी पिशवीत टाकली.

मंगळवारी मीनल मॅडमना सगळं दाखवलं. त्या वाईट बाई नाहीत, हे लिहून ठेवतो. त्यांनी दोन्ही मसुदे शांतपणे वाचले. "कर्णिक, असं सगळेच लिहितात. मीही लिहिलंय."

"म्हणूनच सुनावणीत सांगायला हवं."

"तुम्ही सुनावणीत जाऊन सांगणार? ग्राहकाच्या विरोधात?"

"ग्राहकाच्या विरोधात काही सांगणार नाही. वाक्य कोणाचं आहे तेवढं सांगेन."

"वस्तीला दुसरं काय हवंय?" त्या खुर्चीत मागे टेकल्या. "एक विचारू? तुम्हाला कोणी दुसरीकडे बोलावलंय का? दुसऱ्या एजन्सीने?"

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. दोन दिवसांपूर्वीपर्यंत विचारलंच असतं.

"मग राजीनामा लिहून द्या," त्या म्हणाल्या. "तारीख घालू नका. गरज पडली तर मी भरेन."

"नको मॅडम," मी म्हणालो, "तारीख मीच भरतो." आणि त्या दिवशीची भरली.

सुनावणी एका सभागृहात होती. पुढे अधिकारी, एका बाजूला यार्डाची माणसं, दुसऱ्या बाजूला वस्ती. नागूबाई वस्तीच्या बाजूला बसली होती, पण तिच्या दोन्हीकडच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गर्दी असूनही रिकाम्या होत्या.

माझं नाव पुकारल्यावर मी दोन मसुदे आणि डायरीचं पान पुढे ठेवलं. अधिकाऱ्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं. "हे वाक्य या बाईंचं नाही?"

"नाही. माझं आहे. शिबिराच्या चार दिवस आधी लिहिलेलं."

"मग या काय म्हणाल्या होत्या?"

मी डायरीतलं वाचून दाखवलं. सात शब्द. सभागृहात कोणीतरी हसलं.

यार्डाचा अधिकारी उभा राहिला. "साहेब, या गृहस्थांना आज इथे कोणी आणलं ते आधी विचारा. गेल्या आठवड्यात यांनी नोकरी सोडली आहे."

मला वाटलं, वस्तीची बाजू तरी माझ्या मागे उभी राहील. मागच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "ह्यो पन त्यांचाच हाय! तवा त्यांच्यासाठी लिवलं, आता नवं नाटक! उद्या पेपरात येल, यार्डवाले किती परामानिक!"

दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं, ती म्हणजे मी. मला त्या म्हाताऱ्याचं कौतुक वाटलं. वर्तमानपत्र कसं वाचावं हे त्याला बरोबर कळलं होतं.

अधिकाऱ्यांनी कात्रणं बाजूला ठेवली आणि लेखनिकाला सांगितलं, "हे पुराव्यात धरू नका. पण याचा अर्थ फाटा वापरात आहे असाही होत नाही. यांचं वाक्य खोटं, म्हणून उलटं आपोआप खरं ठरत नाही." मीही असाच विचार केला असता.

बाहेर पायऱ्यांवर पाटलांनी वही काढली. सवयीने नागूबाईला विचारलं, "आता कसं वाटतंय, बाई?"

तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्याला इचार. माजं बोलनं हाच लिवतो."

पाटील हसले. आजूबाजूचे दोघंतिघंही हसले. मी म्हणालो, "नाही, पाटील. त्यांनाच विचारा. मी इथे उभाही राहत नाही." आणि दोन पायऱ्या उतरलो.

मागून तिचा आवाज आला. पाटलांना नाही, दारातून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून होता. "साहेब, बोलून काय व्हतंय? उद्या सकाली सव्वासातला भरती हाय. येऊन बगा, होड्या जातात का नाय."

अधिकारी थांबले. लेखनिकाला म्हणाले, "कोणालातरी पाठवा. कॅमेरा घेऊन."

मला कोणी बोलावलं नव्हतं. तरी पहाटे उठलो आणि साडेसहाला फाट्याच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. सरकारी कार्यालयातले दोघे पलीकडे होते, एकाच्या हातात कॅमेरा. फाट्यात पाणी चढत होतं, काठचा चिखल हळूहळू झाकला जात होता. मी डायरी काढली.

कालचा म्हातारा जाळ्याचा ढीग खांद्यावर घेऊन बाजूने गेला. थांबून म्हणाला, "आज कोनासाठी मोजतोस?"

मी विचार केला. एकोणीस वर्षांत प्रत्येक मोजणीच्या वर एका ग्राहकाचं नाव असायचं. "कोणासाठीच नाही," मी म्हणालो.

"असं कवा असतंय?" तो म्हणाला आणि गेला. त्याचा विश्वास बसला नाही, आणि बसावा असं मी काही केलेलंही नव्हतं.

सात वाजता पहिली होडी आली. मग एकामागून एक. मी प्रत्येकीपुढे एक रेघ ओढत होतो. सव्वासात झाले, साडेसात झाले. नंतर बराच वेळ काही आलं नाही. पलीकडच्या माणसाने कॅमेरा पिशवीत घातला.

नागूबाई बांधावरून चालत आली. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, चष्म्यावर पाण्याचे थेंब. "किती लिवलंस?"

मी पानावरचं तिला वाचून दाखवलं. हे मी आता करतो. कोणाबद्दल एक ओळ लिहिली तरी त्याला वाचून दाखवतो, आणि मगच पुढे. "सकाळी सात ते साडेसात, चौदा होड्या."

"पंदरा," ती म्हणाली. "आमची रायली. येतेय."

मी पलीकडच्या माणसाला हात केला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण कॅमेरा पुन्हा काढला. आम्ही थांबलो. पाणी उतरायला लागलं होतं का, हे मला समजत नव्हतं. तिला समजत असणार. ती वळणाकडे बघत होती.

पुलाचं अजून काही ठरलेलं नाही, हे सांगायला हवं. निर्णय झाला की पेपरात येईल, आणि तो मी पुराव्याशिवाय खरा मानणार नाही. मी आता घरून छोटी कामं करतो. मोकळ्या जागा सोडत नाही.

आठला दहा कमी असताना वळणावरून होडी आली. फाट्यात पाणी कमी झाल्यामुळे ती अजून लोटतच आणत होते. मी पंधरावी रेघ ओढली आणि सवयीने माणसंही मोजली. पुढे नागूबाईचा नवरा होता. नागूबाई माझ्या बाजूला बांधावर उभी होती. तरीही होडीला चार जण लागलेले होते.

बाकीच्या तिघांची नावं मी विचारली नाहीत.